तोंड सरळ ठेवून

१९९० च्या स्नेहसंमेलनात आम्ही नववी 'ब'च्या पोरांनी एक प्रहसन बसवलं होतं. कल्पना उचललेली. आदल्या वर्षी दूरदर्शनवर जसपाल भट्टींचा 'फ्लॉप शो' लागायचा. पीएच.डी.चा गाईड विद्यार्थ्याला घरकामाला जुंपतो, तो भाग आम्ही सरळ शाळेत आणला. आमच्या नाटकातले सर मुलाला गिरणीत दळण टाकायला पाठवायचे. सर मीच. तालमीत मी डोळे गरागरा फिरवत वाक्यं फेकत होतो. मराठीच्या बाई मागच्या बाकावर वह्या तपासत बसलेल्या. मान वर न करता म्हणाल्या, "अरे, तो भट्टी असा नाचतो का कधी? तोंड सरळ ठेव. हसायचं काय ते लोक बघतील."

भट्टींवर एवढं नेमकं मी नंतर कुठे वाचलं नाही.

पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला हा इलेक्ट्रिकल इंजिनिअर. कॉलेजात 'नॉनसेन्स क्लब' काढला, 'ट्रिब्यून' या वृत्तपत्रात व्यंगचित्रं काढली, मग सकाळच्या दूरदर्शनवर 'उल्टा पुल्टा'चे छोटे तुकडे केले. 'फ्लॉप शो'चे भाग तर अवघे दहा. शेवटी हिंदी गाण्याचं विडंबन असायचं; आमच्या वर्गाला मूळ गाण्यांपेक्षा तीच पाठ. २५ ऑक्टोबर २०१२ ला पंजाबातल्या शाहकोटजवळ अपघातात ते गेले. विजेच्या लपंडावावरच्या 'पॉवर कट' या आपल्या चित्रपटाच्या प्रचारासाठी फिरत होते. पद्मभूषण मिळालं ते पुढच्या वर्षी, मरणोत्तर.

'सरकारी कारभारावर कोरडे ओढणारा विनोदवीर' म्हणून त्यांची बोळवण होते, ते मला पटत नाही. सरकारला हसणं सोपं असतं हो. भट्टी बऱ्याच भागांत लबाडाच्याच खुर्चीत स्वतः बसले, तेही अगदी शेजारच्या काकांसारखे, मऊ आवाजात, बायकोशी सल्लामसलत करत (पडद्यावरची ती बायको बऱ्याचदा त्यांची खरी पत्नी सविताच असायची). खलनायक वाटावा असं त्यांच्यात काहीच नसायचं. बघणाऱ्याला पळायला वाट म्हणून उरायची नाही. आमच्या घरी आजार नसताना औषधांची बिलं लावणाऱ्यांवरचा भाग लागला, तेव्हा सगळ्यात मोठ्याने हसणारे आमचे एक नातेवाईक मध्येच गप्प झाले होते.

गेली वीस वर्षं मी एका कार्यालयाच्या लेखा शाखेत आहे. वैद्यकीय प्रतिपूर्तीची देयकं माझ्याच टेबलावर येतात. बिलांच्या तारखा सहा महिन्यांत पसरलेल्या आणि बिल क्रमांक मात्र ओळीने, असंही कधी येतं. (माझंही एक बिल होतं, पण ते इथे नको.) अर्जदार समोर उभा असतो. मी फाईल मिटतो आणि बाईंनी सांगितलं तसं तोंड सरळ ठेवून विचारतो, "आता तब्येत कशी आहे?"