पेलेटचा दुष्काळ, आठवडा सहावा

मंडळी, एअर रायफलच्या पेलेटची (शिशाच्या छर्‍यांची) परिस्थिती जैसे थे. डीलर म्हणतो पुढच्या आठवड्यात माल येतोय, आणि हे तो गणपतीपासून म्हणतोय, आता दिवाळी तोंडावर आली. जर्मन मॅच पेलेटचा दीड डबा उरलाय, म्हणजे ७५०. रोज ६० मारले तर दोन आठवडेपण निघत नाहीत. २०२४ ला नेमबाज स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमधून ब्राँझ आणल्यापासून आमच्या सांगलीत पण रायफल धरणारी पोरं वाढलीत, चांगलंच आहे, पण डबे तेवढेच ना.

म्हणून आता जर्मन फक्त रविवारी, बाकी दिवस देशी. देशीची अडचण अशी की एका डब्यात दोन पेलेट सारखे मिळाले तर नशीब. सराफ कट्ट्यावर मित्राचं दुकान आहे, त्याच्या काट्यावर १०० पेलेट एकेक करून मोजले. पाहिजे ०.५३ ग्रॅम, निघाले ०.४९ पासून ०.५६ पर्यंत. तो म्हणाला, "लेका, माझ्या काट्यावर शिसं ठेवणारा तू पहिलाच." ०.५२ ते ०.५४ वाले हिंगाच्या रिकाम्या डबीत काढले (बायकोला अजून पत्ता नाही), मग तिरक्या काचेवरून घरंगळवले, जो वाकडा पळाला तो बाद, स्कर्ट (मागची पोकळ कड) चेपलेले तर आधीच बाद. १०० मधले ४१ राहिले. रायफल टेकवून पाच-पाचचे ग्रुप मारले, म्हणजे पाच भोकं किती पसरतात ते बघितलं, तर न निवडलेल्यांचा ११ मिमी, निवडलेल्यांचा ८, जर्मनचा ६. दोन तासांच्या हमालीचे ३ मिमी, बघा परवडतंय का.

रोज १०० ड्राय फायर (पेलेट न भरता नुसता ट्रिगर ओढणं) पण चालू आहे. माझ्या पीसीपीला (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल) त्याची वेगळी सोय आहे, स्प्रिंगवाल्यांनी हा उद्योग करू नका, पिस्टन मोकळाच आपटतो आणि सील जातं.

पॉइंट टू-टू (.२२ बोअरच्या काडतुसाच्या रायफल) वाल्यांचे हाल विचारू नका. रिलोडिंगचं, म्हणजे वापरलेली केस (काडतुसाचं रिकामं कवच) परत भरण्याचं, विचारलं होतं कुणीतरी, तर ते रिमफायर आहे, प्रायमर (दारू पेटवणारा मसाला) केसच्या कडेतच असतो, एकदा वाजली की केस भंगार. आणि परवान्याशिवाय घरात काडतुसं भरणं म्हणजे थेट आर्म्स ॲक्ट, तेव्हा तो विषयच नको.

रविवारी स्कोअर ६०४.७. शेवटच्या सिरीजला (दहा शॉटची एक फेरी) एक शॉट ८.९ गेला, आणि तो जर्मन होता, त्यामुळे काही बोलता पण येत नाही.