थीम बदलण्यापूर्वी

ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉगसेवेवरील थीम, म्हणजे ब्लॉगचा दर्शनी साचा, बदलल्यास लेख आणि प्रतिक्रिया नाहीशा होतील, अशी भीती अनेकांना वाटते. परंतु ती सामग्री थीमपासून स्वतंत्र साठवलेली असते आणि तिला धक्का लागत नाही. खरा धोका असतो तो आपण थीमच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पान घडवणाऱ्या कोडमध्ये, स्वतः केलेल्या बदलांना. ब्लॉग आपलाच असल्याची गूगलच्या सर्च कन्सोल या साधनाला खात्री पटवणारा मेटा टॅग (कोडमधील एक ओळ), भेटींची मोजणी करणारा कोड, देवनागरीसाठी निवडलेला फाँट हे सारे जुन्या थीमबरोबर निघून जाते आणि पुष्कळदा कित्येक दिवस ते लक्षातही येत नाही. म्हणून मी प्रथम ‘थीम’ विभागातून बॅकअपची एक्सएमएल फाइल संगणकावर उतरवून घेतो आणि हे तुकडे एका साध्या मजकूर फाइलमध्ये वेगळे जपून ठेवतो. गॅजेटांतील, म्हणजे लेखांभोवती जोडलेल्या चौकटींतील, मजकूरही तेथेच ठेवावा, कारण नवी थीम चढवताना ती गळू शकतात.

त्यानंतर नवी थीम थेट न लावता, काही लेख घातलेल्या खासगी चाचणी ब्लॉगवर लावून पाहावी. मोबाइलवर जोडाक्षरे आणि वेलांट्या नीट उमटतात का, हे मी तेथेच तपासतो. इंग्रजीसाठी आखलेल्या थीममध्ये ओळी दाटीवाटीने बसून मात्रा वरच्या ओळीला भिडतात, हा अनुभव मला वारंवार आला आहे.