पायांची खाज आणि कमरेवरची खपली

कँपिंगहून आलेला विशीतला मुलगा. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत लाल गांध्या, ओरबाडून काही चिघळलेल्या. आई म्हणाली, "डॉक्टर, रात्रभर खाजवतो हो. ही ट्यूब निम्मी संपली." ट्यूब पाहून माझं डोकं फिरलं. क्लोबेटासोल, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक, सगळं एकात. इतकं तीव्र स्टेरॉइड उघड्या जखमेवर चोळायला देतात तरी कसे?

किडा चावल्यावर खाज येते ती त्याच्या लाळेमुळे, शरीर तिला विरोध करतं म्हणून. साबणपाण्याने धुवायचं, १० मिनिटं गार पट्टी ठेवायची, कातडी शाबूत असेल तिथे कॅलामाइन लावायचं, झोपताना सेटिरिझिन. बहुतेकांना एवढं पुरतं. आणि नखं कापायची! हे कुणी चिठ्ठीवर लिहीत नाही, पण गांध्या चिघळतात त्या नखांनीच.

चिठ्ठी लिहिताना तो पुटपुटला, "डोकं फार दुखतंय." ताप १०२. आधीच्या कागदावर तापाची नोंद होती, पुढे फक्त 'व्हायरल'. गवतात झोपून दहा-बारा दिवस झाले होते. मी त्याला कपडे काढायला लावले. तो ओशाळला, आई बाहेर गेली. काखा पाहिल्या, जांघा पाहिल्या. कमरेला, इलॅस्टिक रुततं तिथे, सिगारेटचा चटका दिल्यासारखी काळी खपली, भोवती लाल कडा. दाबली तरी दुखेना, खाजही नाही. त्याला ती आहे हेच माहीत नव्हतं.

स्क्रब टायफस, म्हणजे चिगर माइट या गवतातल्या बारीक किड्याची अळी चावून होणारा जंतूंचा ताप; खपली ही त्या चाव्याची खूण. अळी एक मिलिमीटरहूनही लहान, चावली तरी कळत नाही. पहिल्या आठवड्यात रक्ततपासणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून रिपोर्टची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, त्याच दुपारी सुरू केलं. उशीर झाला तर हा आजार फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू, काहीच सोडत नाही. आधी ज्यांनी पाहिलं त्यांना शर्ट वर करायला सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. ते अर्धं मिनिट माझ्या डोक्यातून जात नाही.

दोन दिवसांत ताप उतरला. पायांची खाज मात्र पुढेही राहिली, आणि आईची तक्रार तेवढ्याचीच होती.