पुदिना, रोशा आणि आजींचे नाक

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहानशा कारखान्यात मी सुगंधी द्रव्यांची मिश्रणे तयार करतो. गेल्या मे महिन्यात धुळ्याच्या एका अत्तर-व्यापाऱ्यांनी आमच्याकडे ‘हिरव्या’ सुगंधाची मागणी नोंदवली. पावसाळ्यातल्या सातपुड्याच्या उताराची आठवण यावी आणि लावणाऱ्याला गार वाटावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. गारव्यासाठी त्यात पुदिन्याचे तेल हवेच, असा आग्रहही त्यांनी धरला होता.

हिरव्या सुगंधात मान फुलांना नसतो, तो पाने, देठ आणि चीक यांना असतो. गवत कापले किंवा चुरगळले की पानातील स्निग्धाम्लांवर विकरांची क्रिया होते आणि हेक्झेनॉलसारखी द्रव्ये तयार होतात. कापलेल्या गवताचा ओळखीचा वास त्यांचाच. मात्र हे रेणू लहान आणि हलके असल्यामुळे लवकर उडून जातात, म्हणून त्यांच्या जोडीला गाल्बानम घ्यावा लागतो. इराणकडे होणाऱ्या एका वनस्पतीचा हा डिंक कडवट असून त्याला कच्च्या मटारच्या शेंगांसारखा वास येतो. १९४७ साली फ्रेंच सुगंधकार जर्मेन सेलिए यांनी पॅरिसच्या बालमँ या फॅशनगृहासाठी ‘व्हाँ व्हेर’ हा सुगंध घडवताना गाल्बानम सढळ हाताने वापरला, आणि हिरव्या सुगंधांच्या घराण्याचा आरंभ अनेक जाणकार तिथूनच धरतात.

आमच्या मिश्रणात मिडल नोट, म्हणजे पहिला झोत ओसरल्यावर वर येणारा मधला वास, म्हणून मी रोशा गवताचे तेल घेतले होते. सातपुड्याच्या कोरड्या उतारांवर वाढणाऱ्या या गवताच्या तेलात मुख्य घटक जिरॅनिऑल असतो, त्यामुळे गवताच्या वासाखाली गुलाबाची छटा जाणवते. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानात जात असे आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जात असे. आपल्या डोंगरातील इतक्या गुणी द्रव्याची ओळख भेसळीचा माल एवढीच राहावी, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून या कामात रोशाला मानाची जागा देण्याचे मी ठरवले होते. तळाशी वाळा होता. वाळ्याच्या मुळांचे तेल दाट आणि जड असते आणि कागदाच्या पट्टीवर ते काही दिवस टिकते.

नमुना दाखवायचा होता त्या दिवशी पारा ४४ अंशांच्या घरात होता. व्यापारी आपल्या वृद्ध आईंना घेऊन आले. व्यापाऱ्यांनी पट्टी नाकाशी धरली, लिंबू, पुदिना आणि ताज्या पानांचा पहिला झोत घेतला आणि लगेच म्हणाले, “भाऊ, पक्कं करून टाका.” मी त्यांना थांबण्याची विनंती केली, कारण एवढ्या उष्म्यात टॉप नोट, म्हणजे हा पहिला झोत, पाहता पाहता विरते आणि गिऱ्हाईक दिवसभर अंगावर वागवते तो वास त्यानंतरचा असतो. मी त्यांच्या मनगटावर दोन थेंब लावले आणि आम्ही चहा घेत बसलो.

अर्ध्या तासाने लिंबू ओसरले, गाल्बानमचा कडवटपणा मवाळ झाला आणि रोशा वर आला. तेवढ्यात आजींनी मुलाचा हात ओढून मनगट हुंगले आणि त्या अहिराणीत म्हणाल्या, “हाई ते गुडघाले लावानं तेल शे!” व्यापाऱ्यांचा चेहरा उतरला. आजींचे म्हणणे खरेच होते, कारण रोशाचे तेल सांधेदुखीवर चोळण्याची चाल जुनी आहे आणि त्यांच्या घरात ते कायम असे.

रोशा काढून टाका, असे व्यापारी म्हणू लागले. माझे मन मात्र ते मान्य करीना. मी दोन नव्या पट्ट्या घेतल्या, एकीवर नुसता रोशा आणि दुसरीवर रोशासोबत पुदिना लावला, आणि कोणती कशाची हे न सांगता त्या आजींपुढे धरल्या. पुदिन्याची पट्टी हुंगताच त्यांनी पुन्हा गुडघ्यावर हात ठेवला, नुसत्या रोशाची पट्टी मात्र त्यांनी बराच वेळ नाकाशी धरली आणि म्हणाल्या, “हाई डोंगरनं गवत शे.” तेल तेच होते, पण पुदिन्यातल्या मेंथॉलमुळे बामची आठवण होत होती आणि शेजारचा रोशाही औषधाच्या डब्यात जाऊन बसत होता. कागदावरच्या सूत्रात हे मला कधीही दिसले नसते.

मी पुदिना पूर्ण वगळला, त्याच्या जागी कडू संत्र्याच्या पानांचे तेल घेतले आणि वाळ्याचे प्रमाण थोडे वाढवले, कारण उन्हाळ्यात आपल्याकडे वाळ्याच्या पडद्यांमुळे त्या वासातच गारवा जाणवतो. व्यापारी नवा नमुना घेऊन धुळ्याला गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. मनगटावर आता फक्त वाळा उरला आहे, आणि पहिली खेप पावसाळ्याआधी द्या, असे त्यांनी सांगितले. आजींसाठी नुसत्या रोशाची एक लहान बाटली मी त्या खेपेसोबत वेगळी भरून पाठवली.