आमची वाटचाल: पाटीवरचा ऱ्हस्व उकार

आमच्या दुकानाच्या पाटीवर 'वेशभुषा आणि नेपथ्य' असं लिहिलंय. 'भु' ऱ्हस्व. 2012 साली पेंटरने आधी खडूने लिहून दाखवलं. मी रंग बघितला, अक्षराची जाडी बघितली आणि 'झकास' म्हणून मोकळी झाले. सात महिन्यांनी गॅदरिंगचे कपडे न्यायला आलेल्या मराठीच्या बाईंनी चूक दाखवली. तोवर निम्मं अमळनेर त्या पाटीखालून जाऊन आलं होतं.

मला डिस्लेक्सिया आहे. हे नाव फार उशिरा कळलं. शाळेत त्याला 'ढ' म्हणायचे. दहावीला दोनदा बसले, दोनदा आपटले. नजर ठीक, समजही ठीक, पण अक्षर आणि त्याचा आवाज यांची गाठ पटकन बसत नाही. त्यात आपली लिपी. 'कि' लिहिताना वेलांटी आधी, उच्चार मात्र नंतर. 'र' तर बहुरूपीच, कधी डोक्यावर बसेल, कधी पायात घुसेल. आणि आकडे! 'सदतीस' बोलताना सात आधी, लिहिताना तीन आधी. छत्तीस आणि त्रेसष्ट यांचा माझ्या डोक्यात खराखुरा छत्तीसचा आकडा आहे.

दुसऱ्यांदा नापास झाल्यावर मायने मामांच्या शिलाईच्या दुकानात बसवलं. "तुले वाचता येत नही ते काय व्हयनं? शिवता येस ना!" एवढंच बोलली. मामांनी टेप दिली, मी मापं उलटी लिहिली, दोन ब्लाउज वाया गेले. मग मामांनी टेप काढून घेतली आणि वर्तमानपत्राची लांब पट्टी हातात ठेवली. छातीला एक काप, कमरेला दोन, बाहीला तिरका. आकडाच नाही. जुने शिंपी असंच करायचे म्हणे. आजही आमच्याकडे प्रत्येक नटाची एक पट्टी असते, वर त्याचा फोटो चिकटवलेला.

मामा थकल्यावर दोन मशिनी आणि भाड्याचा गाळा घेऊन मी आणि धाकट्या भावाने सुरुवात केली. डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंगं, फेब्रुवारीत शिवजयंती, मग लग्नसराईत शिवलेल्या नऊवारी. गॅदरिंगला आमच्या भागात बहिणाबाई हव्याच. बहिणाबाईंना कुठे लिहिता येत होतं, असा धीर लोक मला देतात. अहो, त्यांना शाळेत कुणी घातलंच नव्हतं. मी दहा वर्षं वर्गात बसून आले. दोन्ही एक कसं?

नाटकाचं पहिलं मोठं काम जळगावच्या एका हौशी संस्थेचं, राज्य नाट्य स्पर्धेसाठी. कपडे आणि सेट दोन्ही आमच्याकडे. वाड्याच्या दरवाजाची उंची सुताराला चिठ्ठीवर लिहून दिली. हवी होती 7 फूट 5 इंच, मी लिहिली 5 फूट 7. प्रयोगाच्या आदल्या रात्री सेट उभा राहिला, घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या अंकात मुलाच्या मृत्यूची बातमी ऐकून सरदार धावत आले. सरदार पुढे, पगडी चौकटीला अडकलेली मागे. प्रेक्षक खो-खो हसले. संस्थेने राहिलेले पैसे दिले नाहीत. मीही मागितले नाहीत.

त्यानंतर चिठ्ठी बंद. पुठ्ठ्याचं मॉडेल करते, एका फुटाला एक इंच. त्यात साडेपाच इंचांचा शाडूचा बाहुला उभा असतो, डोक्यावर पगडीसकट. सुतार मॉडेल नेतो, त्यावरूनच मापं घेतो आणि फ्लॅटच्या, म्हणजे सेटच्या भिंतींच्या, चौकटी ठोकून वर मांजरपाट ताणतो. बाहुला दारातून गेला की नटही जातो.

संहिता भाऊ मोठ्याने वाचतो, मी फोनवर रेकॉर्ड करून कापड बेतताना ऐकत राहते. दहा-बारा वेळा तरी. गाळ्यात आडवी दोरी आहे. एका प्रवेशाला एक चिमटा, त्यात त्या प्रवेशातल्या पात्रांच्या कापडाचे तुकडे. विधवा झालेली सून कुठे फिकी पडते, हे दोरीवर लांबून दिसतं. कागदावर लिहिलं तर मला दिसणार नाही. सुरतेहून भुसावळच्या गाडीने कापड आणलं की आधी टॉर्चवर जिलेटिन, म्हणजे नाटकाच्या दिव्यांवर लावतात तो रंगीत पारदर्शक कागद, धरून तपासते. एकदा हिरवा शेला लाल प्रकाशात काळा पडला होता. ती चूक वाचण्याची नव्हती, निव्वळ माझी.

लोक म्हणतात, देवाने एक काढून घेतलं, दुसरं दिलं. मला ते पटत नाही. जीएसटीचं बिल आजही वहिनी करते, आणि गिऱ्हाईकासमोर नाव लिहायची वेळ आली की हाताला घाम येतो. भाच्याला आठवीत तपासायला नेलं तेव्हा डॉक्टर एकेक लक्षण विचारत होते आणि मान मी हलवत होते. तिशी ओलांडली होती मी तेव्हा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आली आहे. भाच्याला दहावीला लेखनिक मिळाला, जास्तीचा वेळ मिळाला, पास झाला. पेढे वाटताना मला रडू आलं, ते नक्की कशासाठी हे घरी कुणी विचारलं नाही.

2024 च्या फेब्रुवारीत 97वं साहित्य संमेलन आमच्या गावात भरलं. ग्रंथदिंडीतल्या मुलांचे कपडे आमच्याकडे होते. लेखक मंडळी बघतील म्हणून भाऊ पाटी रंगवायच्या मागे लागला. पेंटरही तयार होता, पण त्याला दिवसभर शिडी दारातच लावावी लागणार होती आणि आमचे चाळीस फेटे बांधायचे राहिले होते. शिडी परत पाठवली.