वापराच्या अटींमधली ‘साइट’ मराठीत आणताना

एका कंपनीच्या वापराच्या अटी मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. मूळ इंग्रजी मजकूर चौदा पानांचा. कायद्याच्या मजकुराची भाषांतरं मी बरीच वर्षं करते. त्यामुळे अडलंच तर लवादाच्या नाहीतर नुकसानभरपाईच्या कलमात अडेल, असं धरून चालले होते. प्रत्यक्षात अडलं ते ‘साइट’ या शब्दापाशी.

पहिल्या खर्ड्यात मी सरसकट ‘संकेतस्थळ’ लिहिलं. शब्द रुळलेला आहे, वाचणाऱ्याला खटकत नाही. मग चौथ्या पानावर वाक्य आलं : साइटची नवी आवृत्ती तुम्हाला फोनवर उतरवून घ्यावी लागेल. संकेतस्थळ कोणी फोनवर उतरवून घेत नाही. मागे जाऊन व्याख्या पुन्हा वाचली. तिथे साइट म्हणजे मुख्य पत्ता, त्याखालची सगळी उपडोमेन (म्हणजे त्याच पत्त्याचे उपपत्ते), मोबाइल अ‍ॅप आणि यांपैकी कशाच्याही जागी पुढे येणारी सेवा, असं सगळं एका शब्दात कोंबलं होतं.

करारात एखाद्या शब्दाची व्याख्या दिली की त्या करारापुरता त्याचा रोजचा अर्थ बाजूला पडतो. हे मला माहीत होतं, तरी हात सवयीने संकेतस्थळाकडे गेला. आणि याने फरक किती पडतो ते पाहा. वापरणाऱ्याने साइटवर टाकलेले फोटो ‘साइट चालवण्यासाठी’ वापरायचा परवाना कंपनीला मिळतो, असं एक कलम होतं. माझ्या शब्दाने अ‍ॅपमधून टाकलेला फोटो त्या परवान्याबाहेर गेला असता. उलट बाजूने, मूळ व्याख्या धरली तर कंपनी उद्या जी सेवा या साइटच्या जागी आणेल, तिथेही तोच फोटो जाऊ शकतो. फोटो टाकणाऱ्याला हे मराठीत स्पष्ट दिसलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटत होतं.

दुसरी अडचण लिपीची. इंग्रजीत कॅपिटल ‘एस’ दिसला की व्याख्येतली साइट, लहान ‘एस’ दिसला की जगातली कुठलीही. देवनागरीत लहानमोठी अक्षरंच नाहीत. मी सगळा मजकूर छापून घेतला आणि शब्द दिसेल तिथे पेन्सिलने खूण करत गेले. एकूण ६१ जागा निघाल्या. ५२ ठिकाणी व्याख्येतली साइट होती. सात ठिकाणी दुव्यावरून जिथे पोचतो ती परकी साइट, जिची जबाबदारी कंपनी घेत नाही. उरलेल्या दोन ठिकाणी तर साइट म्हणजे चक्क जागा होती : हिशेब तपासणीसाठी माणसं प्रत्यक्ष येणार, ती जागा.

माझा भाऊ बांधकामात आहे. ‘साइटवर आहे’ हे त्याच्या तोंडचं रोजचं वाक्य, म्हणून त्याला फोन लावला. तो म्हणाला, “ताई, कुंपण कुठे आहे ते नंतर बघायचं. करारात लिहिली असेल तेवढीच साइट.” फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १९९९च्या ‘लाल पुस्तकात’, म्हणजे बांधकाम करारांच्या नमुना अटींत, कायमचं काम जिथे होणार त्या जागांबरोबरच यंत्रसामग्री आणि माल जिथे पोचवायचा त्या जागाही साइटमध्ये येतात, हे त्यानेच दाखवलं. म्हणजे कामापासून लांब असलेलं मालाचं आवारही साइट ठरू शकतं. शब्द तोच, आणि तिथेही हद्द आखते ती व्याख्याच.

कंपनीच्या वकीलबाईंचं म्हणणं होतं की दोन्ही भाषांत तफावत आली तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरायचं कलम आहेच, एवढं ताणू नका. मला ते पटलं नाही. मराठी मजकूर वाचून जो हो म्हणतो, त्याच्यासाठी करार मराठीतलाच असतो. शिवाय संदिग्ध शब्दाचा अर्थ तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावायचा, हे कराराच्या कायद्यातलं जुनं तत्त्व आहे. तेव्हा नेमकेपणा त्यांच्याही हिताचा.

त्याच बैठकीत मी आणखी एक गोष्ट काढली. ‘साइट वापरलीत की अटी मान्य’ असं पहिलंच कलम सांगत होतं, पण अ‍ॅपमध्ये अटींचा दुवा सेटिंगच्या तिसऱ्या पडद्यावर दडलेला. अमेरिकेत २००२ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीविरुद्धच्या स्पेक्ट खटल्यात, डाउनलोडच्या बटणाखाली पडदा सरकवल्यावरच दिसणाऱ्या अटी वापरणाऱ्यांवर बंधनकारक ठरल्या नव्हत्या. २०१४ साली बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्या कंपनीविरुद्धच्या न्गुयेन खटल्यात तर पानाच्या तळाशी दुवा होता, तेवढाही पुरला नाही. वकीलबाईंना दोन्ही निकाल ठाऊक होते. अ‍ॅप साइटमध्ये मोडतं, तर अ‍ॅप उघडणाऱ्याला अटी दिसायला हव्यात, हे त्यांनी लगेच मान्य केलं.

शेवटी व्याख्या अशी बसली : “मुख्य पत्ता, त्याची उपडोमेन, मोबाइल अ‍ॅप आणि यांच्या जागी येणारी सेवा, या सर्वांस यापुढे एकत्रितपणे ‘साइट’ असे म्हटले आहे.” त्या ५२ जागी शब्द अवतरणचिन्हांत ठेवला. परक्या साइटसाठी ‘इतर संकेतस्थळ’, तपासणीसाठी ‘प्रत्यक्ष जागा’. ‘यांच्या जागी येणारी सेवा’ हे शब्द परवान्याच्या कलमातून वगळा, अशीही विनंती मी केली होती. ती मान्य झाली नाही. पण त्या कलमात व्याख्येचा क्रमांक आणि ‘यात पुढील सेवाही येतात’ एवढी ओळ घालायला वकीलबाई तयार झाल्या, आणि अटींचा दुवा नोंदणीच्या बटणाच्या वर आला.