आधी घर की आधी शाळा? लंडनमधले आमचे पंधरा दिवस

दिवाळीच्या सुट्टीत मुलांची शाळा बुडणार नाही म्हणून आम्ही लंडनमधल्या शाळा बघायला जाण्यासाठी २२ ऑक्टोबरची तिकिटं काढली, आणि पहिली चूक तिथेच झाली. इंग्लंडमध्ये प्रत्येक सत्राच्या मध्यावर आठवडाभर सुट्टी असते, तिला हाफ टर्म म्हणतात. या वर्षी (२०२५) लंडनमधल्या बहुतेक शाळांना ती २७ ते ३१ ऑक्टोबर होती. पंधरा दिवसांच्या मुक्कामात शाळा चालू असलेले दिवस हाती लागले फक्त चार. त्यातही सोमवारी ३ नोव्हेंबरला एका शाळेत पोहोचलो तर फाटक बंद. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा दिवस होता, तिथल्या भाषेत 'इनसेट डे'. कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या महापालिकेच्या, साइटवर सत्रांच्या तारखा खूप आधीपासून असतात, पण इनसेटचे दिवस प्रत्येक शाळेचे वेगळे असतात आणि ते शाळेच्याच साइटवर मिळतात. दोन्ही बघा आणि मगच तिकीट काढा.

नवऱ्याची बदली लंडनमधल्या कॅनरी व्हार्फ या ऑफिसांच्या भागात झाली आहे. जानेवारीत कायमचं जायचं, त्याआधी शाळा बघून घ्यायच्या, एवढ्यासाठीच ही फेरी होती. मुलगी नोव्हेंबर २०१४ ची, मुलगा जून २०२० चा. तिथे वयाची रेघ १ सप्टेंबरला ओढलेली आहे. सप्टेंबर २०१४ ते ऑगस्ट २०१५ मध्ये जन्मलेली मुलं यंदा इयर सिक्सला, सप्टेंबर २०१९ ते ऑगस्ट २०२० मधली इयर वनला. म्हणजे आपल्याकडे पाचवीत असलेली मुलगी तिथे सहाव्या वर्गात आणि मोठ्या शिशूतला मुलगा पहिल्या वर्गात. ही बढती नाही, आकडे मोजायची पद्धत वेगळी आहे. 'एक वर्ष खाली बसवा' म्हणून विनंती करण्यात वेळ घालवू नका, वयाबाहेरच्या वर्गात मूल क्वचितच घेतात. त्यापेक्षा लहान मुलाची अक्षरांच्या उच्चारांवरून शब्द वाचायची तयारी करून घ्या. इयर वनच्या शेवटी, जूनमध्ये, त्याचीच छोटी तोंडी चाचणी असते.

सरकारी शाळा फुकट आहेत आणि डिपेंडंट व्हिसावर आलेल्या मुलांनाही त्या खुल्या आहेत. खाजगी शाळांचा विचार आम्ही लवकरच सोडला. दोन मुलांची फी, आणि जानेवारी २०२५ पासून तिच्यावर २० टक्के व्हॅट. ज्यांची कंपनी फी भरते त्यांची गोष्ट वेगळी.

आता खरी अडचण. सरकारी शाळेत जागा मिळते ती मुख्यतः अंतरावरून. अर्ज जास्त आले की आधी सरकारच्या देखरेखीखालची मुलं, मग बहुतेक ठिकाणी त्याच शाळेत भावंड असलेली मुलं, आणि मग घरापासून शाळेपर्यंतचं अंतर, बहुधा नकाशावर सरळ रेघ मारून मोजलेलं. मागणी असलेल्या शाळांत हे अंतर किलोमीटरमध्ये नाही, मीटरमध्ये बोललं जातं. म्हणजे शाळा हवी तर आधी पत्ता हवा. पण कुठल्या शाळेत जागा आहे हे कळल्याशिवाय घर कुठे घ्यायचं? या कोड्यापाशी आम्ही महिनाभर अडकलो होतो. कोणी म्हणायचं आधी घर घ्या, कोणी म्हणायचं आधी शाळा ठरवा. माझं मत आता पक्कं झालं आहे: आधी रिकामी जागा शोधा, मग त्या शाळेभोवतीची गल्ली, मग घर. आणि अर्ज घराची किल्ली हातात आली त्याच दिवशी.

आम्ही तीन भाग निवडले होते. ज्युबिली लाइनवरून कॅनरी व्हार्फला गाडी न बदलता जाता येतं म्हणून हॅरोतला कॅनन्स पार्क-स्टॅनमोरचा पट्टा. एलिझाबेथ लाइनवर सरळ जाता येतं म्हणून ग्रिनिच बरोमधलं (बरो म्हणजे लंडनचा प्रशासकीय विभाग) वुलिच. आणि ओळखीची माणसं आहेत म्हणून इलफर्ड, तिथून मात्र व्हाइटचॅपलला गाडी बदलावी लागते. लंडनमध्ये ३२ बरो आणि शिवाय सिटी ऑफ लंडन, प्रत्येकाची कौन्सिल वेगळी. हद्दीला घाबरू नका. १९८९ च्या 'ग्रिनिच' या कोर्टाच्या निकालापासून मूल दुसऱ्या बरोत राहतं एवढ्याच कारणावरून शाळा त्याला मागे ढकलू शकत नाही. हद्दीजवळ घर असेल तर पलीकडच्या शाळाही बघा.

निघण्याआधी मी चौदा शाळांना ईमेल पाठवले होते. पहिले सहा ईमेल लांबलचक होते: आम्ही कोण, मुलं किती हुशार, कुठे काय शिकली. उत्तर एकाचंही नाही. मग दोन ओळींचा केला: 'जानेवारीत येतोय. इयर सिक्स आणि इयर वनमध्ये आज जागा आहे का, आणि शाळा बघायला कधी येऊ?' आठपैकी पाच ऑफिसांकडून दोन दिवसांत उत्तर आलं. वर्षाच्या मध्येच घेतल्या जाणाऱ्या प्रवेशाला तिथे 'इन-इयर ॲडमिशन' म्हणतात, हा शब्द विषयात लिहा. काही बरोंत हा अर्ज कौन्सिलकडे करायचा असतो, काही शाळा स्वतःकडे घेतात. अर्ज पोहोचल्यापासून शाळेच्या कामाच्या १५ दिवसांत त्यांनी लेखी उत्तर द्यायचं असतं.

एक दिलासा देणारी गोष्ट. लंडनमध्ये, विशेषतः आतल्या बरोंत, जन्मदर घटला आहे आणि कुटुंबं बाहेर सरकली आहेत. लॅम्बेथ, सदर्क, हॅकनी, कॅम्डनमध्ये तर काही प्राथमिक शाळा बंद कराव्या लागल्या किंवा एकत्र कराव्या लागल्या. त्यामुळे प्राथमिकमध्ये मधूनच जागा मिळणं पूर्वीइतकं कठीण राहिलेलं नाही. पण रिसेप्शन (इयर वनच्या आधीचा वर्ग), इयर वन आणि इयर टू या तीन वर्गांत एका शिक्षकामागे ३० पेक्षा जास्त मुलं बसवायला कायद्याने मनाई आहे. तिथे एकतिसावं मूल म्हणजे जवळजवळ नाहीच, अपील करूनही फारसं हाती लागत नाही. म्हणून दोन मुलं असतील तर आधी धाकट्याची जागा शोधा.

आमच्या बाबतीत नेमकं उलटं झालं होतं. घरी बसून मी जी शाळा मनाशी पक्की केली होती, तिथे मुलीला जागा होती आणि मुलाला नव्हती. मुलाला जागा होती ती शाळा तिथून दोन किलोमीटरवर, आणि दोन्ही शाळा पावणेनऊच्या आसपास भरतात. नवरा म्हणाला, जमवू कसंतरी. हाफ टर्मच्या मंगळवारी, शाळा बंद असतानाच, आम्ही ते करून बघितलं. फोन म्हणत होता पहिल्या शाळेपर्यंत अकरा मिनिटं. मुलाचा हात धरून निघालो. ओली पानं, एक सिग्नल, बुटाची सुटलेली नाडी, भिंतीवरचं मांजर. घड्याळात चोवीस मिनिटं झाली. दुसऱ्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा सव्वानऊ वाजून गेले होते आणि मुलगा दमून रस्त्यातच बसला होता. त्या दिवशी ती शाळा यादीतून गेली. बंद शाळांच्या आठवड्याचा हा एवढा उपयोग झाला. तुम्हीही मुलाला घेऊन, शाळेच्या वेळेला, पायी हा रस्ता चालून बघा, नकाशावर विसंबू नका.

शाळा कशी पारखायची? सगळे ऑफस्टेड या सरकारी तपासणीचा शेरा विचारतात. 'आउटस्टँडिंग' मिळालेल्या शाळेभोवती घरभाडंही चढं असतं. पण त्या शेऱ्याखालची तारीख वाचा. आउटस्टँडिंग शाळांना २०१२ ते २०२० या काळात नेहमीच्या तपासणीतून सूट होती, त्यामुळे काही पाट्या फार जुन्या आहेत. सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांना असा एका शब्दाचा शेरा देणं बंदच झालं आणि नोव्हेंबर २०२५ पासून वेगवेगळ्या बाबींवर मत देणारं रिपोर्ट कार्ड सुरू झालं आहे. अहवाल पूर्ण वाचा. मधूनच आलेल्या मुलांबद्दल, घरी इंग्रजी न बोलणाऱ्या मुलांबद्दल त्यात काय लिहिलंय ते मला सगळ्यात कामाचं वाटलं.

शेवटी आम्ही निवडली ती शाळा २४ तारखेच्या शुक्रवारी पाहिलेली. तिला शेरा होता नुसता 'गुड'. मुख्याध्यापिकांनी दोन वाक्यांत स्वागत केलं आणि शाळा दाखवायचं काम इयर सिक्समधल्या दोन मुलींवर सोपवलं. मी वर्गाच्या भिंती बघत होते, माझी मुलगी त्या दोघींना बघत होती. मैदानाच्या कोपऱ्यात एक रंगीत बाक होतं. त्या दोघींतली एक म्हणाली, "कोणी खेळायला नसेल तर इथे बसायचं, मग कोणीतरी येतं." माझ्या मुलीने विचारलं, "खरंच येतं?" ती जराशी थांबली आणि म्हणाली, "मी वर्षभरापूर्वी आले तेव्हा तिसऱ्या दिवशी आलं." बाहेर पडल्यावर मुलगी म्हणाली, "आई, ती खरं बोलली." त्या एका उत्तराने मला त्या शाळेबद्दल जे कळलं ते अहवालाच्या बारा पानांत नव्हतं. मुलांना बरोबर न्या. खर्च वाढतो, पण न्या.

आणि अशा भेटीत हे नक्की विचारा: यंदा मधूनच किती मुलं आली, नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात कोण सांभाळतं, सकाळचा ब्रेकफास्ट क्लब आणि शाळा सुटल्यानंतरच्या क्लबात जागा आहे का. शाळा सव्वातीन-साडेतीनला सुटते. दोघंही नोकरी करणार असाल तर शेवटचा प्रश्न पहिला विचारा, कारण क्लबची प्रतीक्षायादी वेगळी असते. फॉर्मवर घरची भाषा विचारतात तिथे बिनधास्त मराठी लिहा. त्यामुळे मूल मागे पडत नाही, गरज असेल तर मदत मिळते. पाढे मात्र विसरू देऊ नका. इयर फोरला बारा बारेपर्यंतच्या पाढ्यांची संगणकावर परीक्षा असते, २५ प्रश्न आणि प्रत्येकाला ६ सेकंद.

आता ज्या गोष्टीने मला खरंच रडवलं ती सांगते. इयर सिक्सनंतर शाळा बदलते. इयर सेव्हनपासून माध्यमिक शाळा, आणि तिच्या अर्जाची शेवटची तारीख आदल्या वर्षीची ३१ ऑक्टोबर. लंडनमध्ये सहा पसंत्या देता येतात. ३१ ऑक्टोबरला आम्ही लंडनमध्येच होतो, पण अर्ज करून उपयोग नव्हता. कौन्सिलच्या बाईंनी शांतपणे समजावलं: तुम्ही राहायला येईपर्यंत तुमचा पत्ता भारतातला, आणि अंतर तिथूनच मोजणार. जानेवारीत भरलेला अर्ज उशिराचा धरला जाईल, वेळेवर आलेल्यांना २ मार्चला जागा दिल्यावर उरलेल्यांत आमचा विचार. परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या सरकारी ग्रामर शाळा लंडनमध्ये १९ आहेत, बार्नेट, बेक्सली, ब्रॉमली, एनफील्ड, किंग्स्टन, रेडब्रिज आणि सटनमध्ये. त्यांच्या परीक्षा सप्टेंबरातच होऊन गेल्या होत्या. नोंदणी तर त्याआधीच्या उन्हाळ्यात संपते. बदलीची तारीख थोडीफार तुमच्या हातात असेल तर मूल इयर फाइव्हला असतानाच जा, किंवा निदान इयर सिक्सच्या सप्टेंबरआधी. लहान मुलांच्या रिसेप्शनसाठी हीच तारीख १५ जानेवारी आणि निकाल १६ एप्रिलला.

कागद: दोन्ही मुलांचे पासपोर्ट, व्हिसाचे पुरावे, जन्मदाखले, आधीच्या शाळेची प्रगतिपुस्तकं, आणि सर्वात महत्त्वाचा भाडेकरार, जमलं तर कौन्सिल टॅक्सचं बिलही. कंपनीने दिलेल्या महिन्याभराच्या सर्व्हिस अपार्टमेंटचा पत्ता बऱ्याच कौन्सिलांना चालत नाही, हे आधी विचारून घ्या. धर्माशी जोडलेल्या शाळांचा वेगळा पुरवणी फॉर्म असतो. हॅरोमध्ये २००८ साली ब्रिटनमधली सरकारी खर्चाने चालणारी पहिली हिंदू प्राथमिक शाळा, कृष्ण अवंती, सुरू झाली. तशा शाळेचा विचार असेल तर तो फॉर्म विसरू नका.

खर्चाच्या बाजूने दोन चांगल्या बातम्या. लंडनमधल्या सरकारी प्राथमिक शाळांत सप्टेंबर २०२३ पासून सगळ्याच मुलांना दुपारचं जेवण फुकट आहे, आणि शाळेच्या वयाची मुलं बसने फुकट जातात, अकरा वर्षांपासून पुढे झिप कार्ड, म्हणजे मुलांचं प्रवासकार्ड, लागतं. एक वाईट बातमी लग्नकार्याला येणाऱ्यांसाठी: सत्र चालू असताना परवानगीशिवाय पाच दिवस शाळा बुडाली तर दंड होऊ शकतो, ८० पौंड, तोही प्रत्येक पालकाला आणि प्रत्येक मुलामागे.

आम्ही ४ जानेवारीला निघतोय. त्या शाळेपासून सहाशे मीटरवर एक घर बोलून ठेवलं आहे. मुलगी आतापासून काळे बूट मागते आहे. शाळा कोणासाठीही जागा राखून ठेवत नाही, म्हणून मी दर सोमवारी त्यांच्या ऑफिसला फोन करते. मागच्या सोमवारी इयर वनमध्ये दोन जागा होत्या. काल विचारलं तर एक उरली आहे.